आधी गाव ठरवा, मग शहर: जपानच्या प्रवासाची आखणी

जपानला जायचं ठरलं की बहुतेक जण टोकियोचं हॉटेल शोधण्यापासून सुरुवात करतात. मग क्योतो, ओसाका, जमलं तर हिरोशिमा, आणि दिवस उरलाच तर ‘एखादं खेडंही बघून येऊ’. माझा सल्ला नेमका उलटा आहे. टोकियो-ओसाकात खोल्यांना तोटा नाही, गर्दीचा हंगाम सोडला तर आठवडाभर आधीही काहीतरी मिळून जातं. खेड्यात मात्र मोजकी मुक्कामाची घरं, दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बस, संध्याकाळी सहाला जेवण आणि सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणून आधी गावातल्या रात्री पक्क्या करायच्या आणि शहरं त्यांच्या अवतीभवती बसवायची. एवढं केलं की तिकीट कोणतं घ्यायचं, बॅग कुठे ठेवायची, शाकाहारी माणसाने खायचं काय, हे पुढचे प्रश्न आपोआप सोपे होत जातात.

नुसती तत्त्वं सांगण्यापेक्षा एकच मार्ग धरून सांगतो: टोकियो, तिथून मध्य जपानच्या डोंगरातल्या किसो खोऱ्यातली मागोमे आणि त्सुमागो ही गावं, मग क्योतो आणि नारा, शेवटी कोयासानचा डोंगर आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत. दहा ते बारा दिवस लागतात. येताना टोकियो आणि जाताना ओसाका असं विमानाचं तिकीट घ्यायचं, म्हणजे त्याच वाटेने परत येण्यात एक दिवस आणि चौदा-पंधरा हजार येन वाया जात नाहीत.

महिना

आपल्याकडे शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि जपानची सगळ्यात मोठी झुंबड २९ एप्रिल ते ५ मे या ‘गोल्डन वीक’मध्ये. त्या आठवड्यात तिथली माणसं स्वतःच फिरायला निघालेली असतात. साधारण ८ मेनंतर गर्दी ओसरते, हवा छान असते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तशीच राहते. पुढे पावसाळा सुरू होतो तो जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टचा उकाडा मुंबईकरालाही नकोसा होतो, त्यात महिन्याच्या मध्यावर ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या सणाची सुट्टी. सप्टेंबरात वादळं.

दिवाळीची सुट्टी मला सगळ्यात सोयीची वाटते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किसोच्या डोंगरात पानं लाल होतात, क्योतोत ती महिनाअखेरीस रंगतात. साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर टोकियो-क्योतोत मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो. तो बघायचाच असेल तर खोल्यांचे वाढलेले भाव आणि रेटारेटी यांची तयारी ठेवा. त्याच आठवड्यात खेड्यात गेलात तर मात्र बहर कमी गर्दीत बघायला मिळतो, फक्त डोंगरात तो आठवडा-दोन आठवडे उशिरा येतो.

व्हिसा आणि बॅगेत काय नको

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावाच लागतो. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून जातो. आयकर विवरणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र आणि कोणत्या तारखेला कुठे मुक्काम याचा दिवसवार तक्ता लागतो. तो तक्ता भरण्यासाठी सुरुवातीला रद्द करता येणारी बुकिंगच करा. एका फेरीचा व्हिसा मिळाल्या दिवसापासून ३ महिन्यांत वापरायचा असतो, त्यामुळे फार आधी अर्ज करण्याची घाई नको. एप्रिल २०२४ पासून भारतातून जाणाऱ्या पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. त्याची एक गंमत आहे: विमानतळावर तो मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवूनच दाखवायचा, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणजे ई-सिम भारतातूनच घेऊन फोनमध्ये बसवून ठेवा. इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती ‘व्हिजिट जपान वेब’वर आधी भरली की एक क्यूआर कोड मिळतो, रांगेत तो कामाला येतो.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि कोणताही मांसाचा पदार्थ नेता येत नाही. टोकियोतल्या भाच्यासाठी हापूसची पेटी हा विचार सोडून द्या, ती कस्टममध्येच राहील. चकली, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. औषधांचे नियम कडक आहेत. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना तिथे पूर्ण बंदी आहे, कोडीनयुक्त औषधांवरही निर्बंध आहेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात ठेवा.

वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, त्यावर १००-२४० असं लिहिलेलं असतं. घरची केटली किंवा हेअर ड्रायर नेऊ नका. दोन्ही बहुतेक हॉटेलांत असतातच. आणि हो, जेट असलेलं शौचालय शोधावं लागत नाही. परदेशात आपल्याला पडणारा हा मोठा प्रश्न जपानने केव्हाच सोडवलाय.

गावातल्या दोन रात्री

आता खरं काम. दोन तारखा निवडा: एक त्सुमागोची, एक कोयासानची. दोन्ही शनिवारी नकोत, कारण जपानी पर्यटक तेव्हाच येतात.

त्सुमागोत राहायचं ते मिन्शुकूत, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातल्या चार-सहा खोल्यांत, किंवा थोड्या महागड्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलात. जमिनीवर तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, त्यावर रात्री गादी, सामाईक स्नानगृह, संध्याकाळचं आणि सकाळचं जेवण भाड्यातच. कोयासानला राहायचं ते शुकुबोत, म्हणजे मठात. तिथल्या ११७ मठांपैकी पन्नासएक मठ पाहुण्यांना खोल्या देतात, भाडं दोन जेवणांसह माणशी साधारण १५ हजार येनपासून पुढे. दोन्हीकडे तीन-चार महिने आधी बुकिंग केलेलं बरं.

शाकाहाराची गोष्ट बुकिंग करतानाच सांगायची, पोहोचल्यावर नाही. खेड्यातली आजी सकाळी बाजारहाट करून तुमचं ताट ठरवते, आणि ऐनवेळी ‘मासा नको’ म्हटलं तर तिच्याकडे भात आणि लोणच्याखेरीज देण्यासारखं फार काही उरत नाही. अडचण मासा दिसतो तिथे नसते, दिसत नाही तिथे असते. मिसो सूप, सोबा-उदोन या नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, या सगळ्यांत दाशी, म्हणजे चवीसाठीचं मूळ पाणी असतं, आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाची. ‘आम्ही शाकाहारी’ एवढ्याने हे कळत नाही. मांस, चिकन, मासे, कोळंबी-खेकडे आणि माशाची दाशी नको. समुद्री शेवाळाची, म्हणजे कोंबूची दाशी चालेल. अंडी-दूध चालेल की नाही, असं सुटं सुटं लिहा. हाच मजकूर कुणाकडून तरी जपानी लिपीत नीट लिहून घ्या आणि छापून खिशात ठेवा. पुण्यात जपानी शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, एखाद्याला गाठा. काही मिन्शुकू स्पष्ट ‘जमणार नाही’ असं कळवतात. त्याचा राग मानू नका, हो म्हणून उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं.

मठात हा प्रश्नच येत नाही. तिथलं शोजिन र्योरी हे बौद्ध भिक्षूंचं जेवण आहे: मांस नाही, मासा नाही, परंपरेने कांदा-लसूणही नाही. जैन कुटुंबांनी जपानमध्ये निश्चिंतपणे जेवण्याची इतकी चांगली जागा माझ्या माहितीत दुसरी नाही. दूध-अंड्याबाबत तेवढं एकदा विचारून घ्या.

तिकिटं: रेल्वे पासचं गणित

‘जेआर पास घ्याच’ हा जुना सल्ला अजून फिरत असतो. जेआर म्हणजे जपान रेल्वे, आणि हा पास परदेशी पर्यटकांसाठीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली आणि गणित बदललं. आपल्या मार्गावर टोकियो ते नागोया, नागोया ते किसो, तिथून परत नागोया आणि पुढे क्योतो, एवढ्याचा खर्च वीस-बावीस हजार येनच्या आसपास येतो. कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे जेआरची नाहीच, तिथे पास चालत नाही. सुटी तिकिटं घ्या. हिरोशिमा, कानाझावा आणि परत टोकियो अशी मोठी धावपळ करणार असाल तरच पासचा विचार करा, आणि तेव्हाही बेरीज करून.

शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, टोकियोहून पश्चिमेला जाताना ‘ई’ क्रमांकाची खिडकी मागा. सुटल्यावर साधारण ४०-४५ मिनिटांनी उजवीकडे फुजी दिसतो, ढग नसतील तर. ३,७७६ मीटरचा हा पर्वत हिवाळ्यात सकाळी हमखास दर्शन देतो, उन्हाळ्यात बहुधा नाही.

शहरातल्या रोजच्या प्रवासासाठी आयसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून टेकवायचं कार्ड घ्या: टोकियोत सुइका किंवा पास्मो, ओसाका-क्योतोकडे इकोका. कोणतंही एक पुरतं, ते सगळ्या मोठ्या शहरांत चालतं. दुकानांत, लॉकरला, थंड पेयाच्या मशीनलाही चालतं. पर्यटकांसाठीचं ‘वेलकम सुइका’ २८ दिवस चालतं आणि त्याला अनामत लागत नाही, पण उरलेली रक्कमही परत मिळत नाही, म्हणून थोडे थोडे पैसे भरा. एक मर्यादा लक्षात असू द्या. सुइकाच्या हद्दीत आत शिरून इकोकाच्या हद्दीत बाहेर पडता येत नाही, लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट हवं. किसोच्या लहान स्टेशनांवरही कार्डाच्या भरवशावर राहू नका.

बॅग वेगळी, आपण वेगळे

जपानचा प्रवास सुखाचा करणारी सर्वांत मोठी सोय बुलेट ट्रेन नाही, ताक्क्यूबिन आहे. म्हणजे सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी कुरियर सेवा. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो त्यात सगळ्यात परिचयाची. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्यायची, क्योतोच्या हॉटेलचं नाव, बुकिंगचं नाव आणि पोहोचण्याची तारीख लिहायची, मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन भरायचे. दुसऱ्या दिवशी बॅग क्योतोत हजर. तुम्ही मधली रात्र पाठीवर छोटी सॅक घेऊन त्सुमागोत.

हे का करायचं, ते मागोमेच्या दगडी चढावर मोठी बॅग ओढणारा माणूस एकदा पाहिला की कळतं. शिवाय टोकियो-ओसाका मार्गावरच्या तोकाइदो शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंमीहून जास्त असलेल्या बॅगेसाठी मागच्या जागेसह विशेष आसन आधी राखून ठेवावं लागतं, आणि क्योतोच्या गच्च बसमध्ये मोठी बॅग घेऊन चढणं म्हणजे सगळ्यांचे शिव्याशाप. तेही मनातल्या मनात, तोंडावर कुणी काही बोलत नाही.

सॅकमध्ये पासपोर्ट हवाच. परदेशी पाहुण्याने तो जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे, खोलीवर ठेवून फिरू नका.

पैसे

शहरात कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. मिन्शुकू, गावातली बस, देवळाचं तिकीट, बाजारातली टपरी इथे रोख लागते. सेव्हन-इलेव्हनमधल्या आणि टपाल कार्यालयांतल्या एटीएममध्ये भारतीय कार्डावर येन मिळतात, मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा. मशीनने ‘रुपयांत हिशोब करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी महाग पडतो. खेड्यात शिरण्याआधी नागोयाला दोघांमागे तीस-चाळीस हजार येन काढून घ्या. टिप कुठेच द्यायची नाही. दिलीत तर माणूस मागे धावत येऊन परत करेल.

पर्यटकांना करमुक्त खरेदी मिळते, पण १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा आणि जाताना विमानतळावर परत घ्यायचा. त्यानंतर जाणाऱ्यांनी परतीच्या दिवशी तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

टोकियो: तीन दिवस

मुक्काम यामानोते या वर्तुळाकार मार्गावर घ्या. ३४.५ किमी लांब, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला तासभर. मला उएनो सोयीचं वाटतं. नारिता विमानतळावरून केइसेईची स्कायलाइनर थेट तिथे येते, खोल्या शिंजुकूपेक्षा स्वस्त आणि राष्ट्रीय संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर.

टोकियोत हरवायला होतं ते रस्त्यावर नाही, स्टेशनात. दादरला पूर्व-पश्चिम चुकलं तर फार तर पूल ओलांडावा लागतो. शिंजुकूला बाहेर पडायचे दोनशेहून जास्त मार्ग आहेत आणि चुकीच्या दारातून बाहेर आलात तर वीस मिनिटांचा फेरा पडतो. म्हणून नकाशात कोणती गाडी यापेक्षा कोणतं एक्झिट, त्याचा क्रमांक कोणता, हे आधी बघा. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात प्रवास टाळा. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते, त्यानंतर फक्त टॅक्सी, आणि ती महाग. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे.

पहिला दिवस निप्पोरी स्टेशनवरून यानाका भागात पायी घालवा. १९२३चा भूकंप आणि महायुद्धातले बॉम्बहल्ले यांतून हा भाग बराचसा वाचला, त्यामुळे लाकडी घरं, लहान देवळं, अरुंद गल्ल्या अजून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर असाकुसाचं सेन्सोजी मंदिर, आणि तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत सुमिदा नदीकाठचं मात्सुचियामा शोदेन. हे कांगितेनचं, म्हणजे आपल्या गणपतीच्या जपानी रूपाचं स्थान. मूर्ती झाकलेली असते, दर्शन मिळत नाही. नैवेद्याला लोक पांढरा मुळा वाहतात. सेन्सोजीला गर्दीत हरवलेला मराठी माणूस इथे क्वचितच पोहोचतो. संध्याकाळी शिंजुकूत महानगर सरकारच्या इमारतीच्या ४५व्या मजल्यावर जा, २०२ मीटर उंचीवरून शहर फुकटात दिसतं. पैसे भरून चढायच्या मनोऱ्यांची गरज मला तरी वाटत नाही.

खाण्यासाठी टोकियो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या फाटकापलीकडे, ‘टीज तानतान’ नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे. कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळी हॉटेलाच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते. वरण-भाताची फारच आठवण आली तर तोझाई मेट्रोने निशी-कासाईला जा. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय वस्तीसाठी ओळखला जातो, आणि मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. कोंबिनीतला, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातला ओनिगिरी (भाताचा गोळा) घेताना उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा निवडा. कोंबूच्या ओनिगिरीतही बहुधा माशाचा अर्क असतो.

कचराकुंडी शोधू नका, ती दिसत नाही. १९९५च्या सरीन वायूहल्ल्यानंतर सार्वजनिक कुंड्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या गेल्या. एक पिशवी जवळ ठेवा आणि रात्री खोलीवर रिकामी करा.

किसो: एक रात्र, एक वाट

टोकियोहून सकाळी आठच्या सुमाराला निघा. नोझोमी या सगळ्यात वेगवान शिंकान्सेनने नागोया एक तास चाळीस मिनिटं, तिथून शिनानो एक्स्प्रेसने नाकात्सुगावा पन्नासेक मिनिटं, पुढे अर्ध्या तासाची बस, मागोमे. बसचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा आणि त्यावरून मागे मोजत टोकियोची गाडी ठरवा, उलट नको. शहरातली गाडी चुकली तर दहा मिनिटांत दुसरी मिळते, इथे तासभर थांबावं लागू शकतं. शरद ऋतूत आलात तर नाकात्सुगावा स्टेशनबाहेर कुरी किंतोन मिळतं, चेस्टनट आणि साखर एवढंच घातलेली मिठाई. निर्धास्त घ्या.

मागोमे ते त्सुमागो ही नाकासेन्दो या जुन्या राजमार्गाची साधारण ८ किमीची वाट आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणाऱ्या या मार्गावर ६९ मुक्काम होते, त्यातले हे दोन. चालायला अडीच ते तीन तास. मागोमेकडूनच सुरुवात करा. आधी आठशे मीटरच्या खिंडीपर्यंतचा थोडा चढ आणि मग लांबलचक उतार. उलट्या बाजूने आलात तर चढ दुप्पट होतो. साधे बूट पुरतात, पावसात मात्र दगड निसरडे होतात. वाटेत जागोजागी टांगलेल्या घंटा शोभेच्या नाहीत. या जंगलात अस्वलं आहेत, प्रत्येक घंटा वाजवून पुढे जायचं.

दोन्ही बाजूंना हिनोकीचे, म्हणजे जपानी सायप्रसचे उंच सरळ वृक्ष आहेत. इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला किसोचंच हिनोकी लागतं. एदो काळात इथल्या पाच जातींची झाडं तोडायला सामान्य माणसाला बंदी होती आणि ‘एका झाडाला एक मुंडकं’ अशी त्याची शिक्षा सांगितली जाई. खिंडीपलीकडे जुन्या घरातला एक चहाचा थांबा आहे, तिथे स्वयंसेवक पांथस्थांना चहा पाजतात. पैसे मागत नाहीत, पेटीत काहीतरी टाका.

दुपारी एकपर्यंत चालायला लागलात तर चारला त्सुमागोत पोहोचता. नेमकी तेव्हाच दिवसभराची मंडळी बसने परतत असतात, आणि इथे रात्र राहण्याचं सगळं कारण एवढंच आहे. विजेच्या तारा नजरेआड केलेल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना मज्जाव. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःवर तीन बंधनं घालून घेतली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. हे गाव चित्रासारखं दिसतं म्हणून संग्रहालय समजू नका. पडद्यामागे माणसं जेवत असतात, दारातून आत डोकावून फोटो काढू नका.

घरात शिरताना बूट उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर काढा, पुढे चपला, तातामीवर त्याही नाहीत, शौचालयाच्या चपला निराळ्या. त्या पायात तशाच ठेवून जेवायला येणं ही परदेशी पाहुण्यांची ठरलेली फजिती. न्हाणीघरात आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून, स्वच्छ धुऊन घ्यायचं आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं, कपड्यांशिवाय. पाणी सगळ्या घरासाठी एकच असतं, ते सोडून देऊ नका. लाज वाटत असेल तर अशा घरांत पाळीपाळीने एकटंच किंवा कुटुंबासह आंघोळ करण्याची सोय बहुधा असते, विचारा. युकाताची, म्हणजे अंगात घालायला मिळणाऱ्या सुती झग्याची, डावी बाजू उजवीवर घ्यायची; उलट फक्त प्रेताला नेसवतात.

सकाळी बसने दहा मिनिटांत नागिसो स्टेशन, तिथून नागोया, आणि पुढे पस्तीस मिनिटांत क्योतो.

क्योतो आणि नारा

क्योतोबद्दल लोक ‘फार गर्दी’ म्हणून कुरकुरतात. ती गर्दी सकाळी नऊ ते पाच असते. फुशिमी इनारी हे देवस्थान चोवीस तास उघडं आणि विनाशुल्क, जेआरचं इनारी स्टेशन क्योतोपासून दोनच थांब्यांवर. सकाळी सहाला तिथे असाल तर लाल तोरींच्या, म्हणजे कमानींच्या रांगांत पहिल्या वळणानंतर तुम्ही जवळपास एकटेच. कियोमिझु-देरा हे मंदिरही सहाला उघडतं. अशा दोन पहाटा काढा आणि दुपारी खोलीवर झोपा. बसपेक्षा रेल्वे वापरा. बसचा जुना एकदिवसीय पास २०२४ मध्ये बंद झालाय. अराशियामाला जेआरने जा, बांबूची वाट झाली की तेन्र्यूजी मंदिराच्या आवारातलं ‘शिगेत्सु’ हे शोजिन जेवण देणारं ठिकाण दुपारसाठी राखून ठेवा. गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे आणि १० हजार येन दंडाचे फलक लावलेत. गेइकोंच्या, म्हणजे क्योतोतल्या गेइशांच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली.

नारा क्योतोहून पाऊण तास, एका दिवसात होतं. तोदाईजीतला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. सन ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतातून आलेल्या भिक्षूने केला होता. हरणांसाठीची बिस्किटं फक्त त्यांनाच द्या, चिप्स नको, आणि बिस्किटं हातात धरून त्यांना ताटकळवू नका. ती वाकून नमस्कार करतात हे खरं, पण चावतातही.

हातात आणखी दोन-तीन दिवस असतील तर पश्चिमेला हिरोशिमापर्यंत जा, वाटेत ओकायामाला उतरा. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवर बेतलंय ती कोराकुएन तिथेच आहे. दिवस नसतील तर ओढाताण करू नका.

कोयासान

क्योतोहून ओसाकाला या. मोठी बॅग इथल्या ज्या हॉटेलात नंतर राहणार तिथे आधीच ठेवा, किंवा नाम्बा स्टेशनच्या लॉकरमध्ये. लॉकर सहसा तीन दिवसांपर्यंतच चालतात. दोतोनबोरी या खाऊगल्लीत संध्याकाळ घालवायला हरकत नाही, मात्र ताकोयाकी या गोळ्यांत ऑक्टोपस असतो आणि ओकोनोमियाकी या घावनासारख्या पदार्थाच्या पिठातही दाशी.

नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी दीड तासाच्या आसपास, पुढे पाच मिनिटांची केबल कार आणि वरून बस. ओसाकापेक्षा इथे बरीच थंडी असते, जाकीट घ्या. मठात दुपारी चारच्या आत पोहोचा, जेवण साडेपाच-सहाला येतं: तिळाचं गोमा-दोफू, इथलं प्रसिद्ध कोया-दोफू (सुकवलेलं टोफू), लोणची, तेम्पुरा म्हणजे भजी.

हे ठिकाण कूकाई या भिक्षूने सन ८१६ मध्ये मागून घेतलं आणि शिंगोन या वज्रयान पंथाचं केंद्र केलं. जेवणानंतर किंवा पहाटे ओकुनोइन या समाधिस्थळी जा: सीडर वृक्षांखालून दोन किमीची वाट आणि दुतर्फा दोन लाखांहून जास्त समाध्या. पाच दगडांच्या स्तूपांवरची अक्षरं थांबून बघा. ती सिद्धम् लिपीतली बीजाक्षरं आहेत, खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. ज्यांना देवनागरी येते त्यांना काही वळणं ओळखीची वाटतात. पुढे वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं स्मारकही आहे. शेवटच्या पुलापलीकडे फोटो नाहीत, टोपी काढायची. कूकाई तिथे ८३५ पासून ध्यानात आहेत अशी श्रद्धा असून रोज दोन वेळा त्यांना जेवण नेलं जातं.

पहाटे सहाच्या सुमारास प्रार्थना, काही मठांत होमही असतो. पाहुण्यांना बसता येतं, उशिरा मात्र शिरू नका. न्याहारीनंतर कोयासान विद्यापीठाकडे चक्कर मारा. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर डोंगरावरून थेट कान्साई विमानतळ गाठता येतो. त्यासाठी बॅग दोन दिवस आधी ताक्क्यूबिनने विमानतळावर पाठवून ठेवायची आणि नाम्बापर्यंत न जाता तेंगाचायाला गाडी बदलायची; बस धरून तीन ते साडेतीन तास मोजा. विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री ओसाकात झोपा. पहाटेची प्रार्थना आणि सकाळचं विमान ही दोन्ही एका दिवसात जमत नाहीत.